सेल आणि सैल

लग्नाचा बस्ता सोडला तर आमच्या घरात पूर्ण किमतीत कपडा घेतल्याची नोंद नव्हती. आमच्या ह्यांचं ठाम मत असं, की कपड्याची खरी किंमत चिठ्ठीवर कधीच छापलेली नसते. ती छापील आकड्यावर लाल शाईची काट मारल्यानंतर प्रकट होते. मुलगा उधळ्या नाही, या एका गुणावर माझ्या आईनं हे स्थळ पसंत केलं होतं. त्यामुळे माहेरी तक्रार न्यायची सोय नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी गोड बातमी पक्की केली. हिंगणघाटात मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर आणि कूलरसमोरची जागा ज्येष्ठतेनुसार वाटलेली. या बातमीमुळे मला एका दिवसात सासऱ्यांच्या पुढे बढती मिळाली. बाईंनी शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेत सात दिवस मिळवले, नऊ महिने पुढे मोजले आणि सांगितलं, "१४ जानेवारी."

"संक्रांतीचं लेकरू," सासूबाई हरखल्या, "गोड बोलन पाहा."

ह्यांनी मोबाइल काढला आणि बोटं मोजायला सुरुवात केली. मला वाटलं, बाप होणारा माणूस गहिवरला. "म्हणजे जुलैचा पावसाळी सेल चौथ्या महिन्यात, पंधरा ऑगस्ट पाचव्यात, दिवाळी सातव्यात. सव्वीस जानेवारीचा मात्र थोडक्यात हुकतो." मग बाईंकडे वळून, "मॅडम, ही तारीख पक्की असते का?"

"नाही. शंभरातली चार-पाच बाळंच दिलेल्या तारखेला येतात. बाकीची मागंपुढं."

"म्हणजे पुढंही जाऊ शकते?" ह्यांच्या चेहऱ्यावर आशा होती.

माझी गरज तशी साधी. दोन-तीन घेरदार कुर्त्या, दोन सैल गाऊन, एखादी पोटावर न काचणारी लेगिंग. पण आमच्या बाजारात गरोदर बाईसाठी वेगळा विभाग नाही. मी विचारलं, की दुकानदार नम्रपणे डबल एक्सएलचा गठ्ठा काढतो. त्याच्या हिशेबात गरोदर बाई म्हणजे जाड बाई, फक्त तात्पुरती. त्या डबल एक्सएलचे खांदे माझ्या कोपरापर्यंत येतात आणि पोटावर मात्र कपडा तसाच ताणलेला. माणूस पोटापुरताच वाढू शकतो, हे कपडे कापणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी दोनदा उलटसुलट करून पाहिलं तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, घेऊन राहिल्या का पाहून राहिल्या?"

हे सगळं कुठल्या गावात, तर हिंगणघाटात! इंग्रजांच्या काळात 'हिंगणघाट' हे कापसाच्या जातीचं नाव होतं. आजही हंगामात बाजार समितीबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. जिनिंग आहे, सूतगिरण्या आहेत. जिथं कपड्याचा जन्म होतो त्या गावात माझ्या पोटापुरता कपडा नाही.

यात ह्यांचा एकट्याचा दोष नाही. थांबणं आमच्या घराच्या रक्तात आहे. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पार गेला, बाराचाही आकडा दिसला. सासऱ्यांनी त्या वर्षी आपला माल आधीच आठ हजारांत विकून टाकला होता. तेव्हा त्यांनी शपथ घेतली, की घाई करायची नाही. तेव्हापासून आमच्या पुढच्या खोलीत कापूस राहतो आणि आम्ही मागच्या खोलीत. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव होता ७५२१. सासरे म्हणाले, "दहा येईन." पाडवा आला, आखाजी आली, पाऊस आला, दहा काही आला नाही. सासरे भाव चढायची वाट पाहतात, मुलगा भाव उतरायची. दोघं रात्री शेजारी जेवायला बसतात आणि दोघांचंही मत एकच, "अजून थोडं थांबू."

माझं पोट मात्र या घराच्या वळणावर गेलं नाही.

जुलैच्या सेलला आम्ही नागपुरात बर्डीच्या बाजारात गेलो. दुकानातली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला एक्सएल? छे! तुम्ही तर मीडियम आहात." गेल्या कित्येक वर्षांत माझ्याशी इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मी मीडियमच्या कुर्त्या घेऊन आले. पन्नास टक्के सूट होती, त्यामुळे हेही खूश. महिन्याभरात त्यातली एकही गळ्याच्या खाली उतरेना. "पण अर्ध्या किमतीत मिळाल्या," ह्यांनी आठवण करून दिली. न होणाऱ्या कुर्तीचे पैसे वाचले कसे, हा हिशेब मला अजून कुणी समजावून दिलेला नाही.

मग मी उरलेला सोपा मार्ग धरला. ह्यांचे टी-शर्ट. विदर्भात शेतकऱ्याच्या घरी टी-शर्ट विकत आणावे लागत नाहीत. ते बियाण्याच्या पाकिटांबरोबर येतात. एक पिवळा, ऐसपैस, सुती टी-शर्ट मला फार आवडला. तो घालूनच मी तपासणीला गेले. बाकावर बसलेल्या बाया माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायला लागल्या. नर्स आली, तीही फिसकन हसली. शेवटी बाईंनी चष्मा सावरत माझ्या पोटावरची ओळ मोठ्यानं वाचली, "वजनदार बोंड, हमखास उत्पादन." मग सोनोग्राफीच्या कागदावर नजर टाकून म्हणाल्या, "वजन खरंच चांगलं आहे."

बाहेर आल्यावर मी ह्यांना सांगितलं, आज काहीही होवो, कपडे घ्यायचे. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण पंधरा ऑगस्टचं भाषण ऐकलं नाहीस का? दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार आहे."

हे खरं होतं. लाल किल्ल्यावरून तसं जाहीर झालं होतं. पुढे सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि तारीख ठरली, २२ सप्टेंबर २०२५. तोवर कोण शहाणा माणूस कपडे घेईल? सासूबाईंना करातलं काही कळत नव्हतं, पण त्यांच्याकडे त्याहून जुनं खातं होतं. "पितृपक्ष लागून राहिला. पोटुशी बाई नवा कपडा घेते का? पितर काय म्हणतील?" पितृपक्ष कधी संपतो पाहिलं तर सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला. म्हणजे सासूबाईंचे पितर आणि ह्यांचा जुना कर एकाच रात्री निरोप घेणार होते. घरात इतकं एकमत मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. मधल्या दिवसांत घरात आल्यागेल्यासमोर मी ओढणी पोटावर धरून उभी राहायचे. पंगतीत वाढणारे लोक पातेलं धरतात तशी.

घटस्थापना उजाडली. कर उतरला, पितर गेले. आम्ही नाश्ता न करता दुकान गाठलं. मी साडेसहाशेचा एक गाऊन उचलला. हे गल्ल्यावर म्हणाले, "नवीन दरानं लावा हं."

"तेच लावून राहिलो भाऊ. पाच टक्के."

"आणि आधी किती होता?"

"पाच."

शांतता पसरली. मग दुकानदारानं समजावलं, की हजारापर्यंतच्या कपड्याला आधीही पाच होता, आताही पाच. फरक पडला तो हजार ते अडीच हजारांच्या कपड्याला. तिथं बाराचा पाच झाला. ज्या गाऊनसाठी मी श्रावण आणि भाद्रपद ताटकळत काढले, त्याला सरकारनं हातही लावला नव्हता. मला वाटलं, आता हे खजील होतील आणि पिशवी हातात येईल. पण हिशेबी माणूस असा हरत नाही. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "मग हजाराच्या वरचाच घेऊ. त्यात सात टक्के वाचतात." साडेसहाशेचा गाऊन ठेवून आम्ही चौदाशे नव्याण्णवचा भरजरी कुर्ता आणला. त्याला मानेजवळ मणी होते आणि पोटावर बरोबर मधोमध कडक पॅच. बसले की मणी टोचायचे, उभी राहिले की पॅच. पण शंभरेक रुपये वाचले होते, त्यामुळे तक्रार करायची नाही असं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवरचे मोठे सेल सुरू झाले. रात्री झोप येत नव्हती, तेव्हा मी या कपड्यांचा इतिहासच वाचून काढला. लीना ब्रायंट नावाची विधवा शिंपीण, मूळची लिथुएनियाची, न्यू यॉर्कमध्ये शिवणकाम करायची. १९०४ च्या सुमारास एका गरोदर गिऱ्हाइकासाठी तिनं कमरेला इलास्टिक लावून झगा शिवला. बायांना तो फार आवडला, पण वर्तमानपत्रं जाहिरात छापेनात. गरोदरपण हा चारचौघांत बोलायचा विषय नव्हता. अखेर १९११ साली एका पत्रानं धाडस केलं आणि दुकानातला माल बघता बघता संपला.

मी हे भारावून घरात सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे तिला सेल लावायची गरजच पडली नाही." सासूबाईंना वेगळाच प्रश्न पडला. "त्याच्या आधी त्या बाया लुगडं नव्हत्या नेसत का?"

हा मुद्दा बिनतोड होता. साडीला माप नसतं. पहिल्या महिन्यात सहा निऱ्या, नवव्यात तीन, कापड तेच. परकराची नाडी एक गाठ पुढं सरकवली की बाई पुढच्या महिन्यात दाखल. मी साडीवर यायचं ठरवलं. साड्या कपाटभर होत्या. ब्लाउज मात्र एकही नव्हता, म्हणजे होते, पण त्यांचे हुक आणि काजे आता एकमेकांना फक्त लांबून ओळखत होते.

आमचा शिंपी शहाणा माणूस. ब्लाउज उलटा करून त्यानं शिवणीत बोट घातलं आणि मान हलवली. "ताई, दाब संपला. मागच्याच महिन्यात शेवटचा उसवला."

"मग नवा शिवा."

त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: दिवाळीपर्यंत नवीन काम बंद. तरी गयावया केल्यावर टेप काढला, वही उघडली आणि पेन्सिल कानामागून घेत विचारलं, "माप कोन्या महिन्याचं लिहू?"

"म्हणजे?"

"आज माप घेतो. कपडा भेटन दिवाळीच्या नंतर. तवरिक तुम्ही तेवढ्याच राहनार हाय का?"

मी आणि तो, दोघांनी मिळून मग माझ्या भवितव्याचा अंदाज बांधला. तो म्हणाला दोन इंच, मी अभिमानानं दीड म्हणाले, बाकावर बसलेली एक अनोळखी आजी माझ्याकडे आपादमस्तक पाहून म्हणाली, "तीन धर." तिचंच बरोबर निघालं.

मधल्या काळात खादीचा प्रयोग झाला. दोन ऑक्टोबरपासून खादीवर सूट असते. शिवाय आमचा वर्धा जिल्हा. गांधीजींनी १९३८ मध्ये वर्ध्याला मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं, तेव्हापासून इथं खादीला कुणी नाव ठेवत नाही, ठेवलंच तर सेवाग्रामला ऐकू जाईल अशा भीतीनं हळू ठेवतं. मीही ठेवणार नाही. मी वर्ध्याहून एक सुंदर, झिरझिरीत नव्हे पण हवेशीर, चांगला घोळदार झगा आणला. एक दिवस मी जगातली सर्वात सुखी गरोदर बाई होते. मग तो धुतला. खादी पहिल्या पाण्यात आक्रसते आणि मी त्या आठवड्यात वाढले. आम्ही दोघींनी आपापला धर्म पाळला.

ऑनलाइन मागवलेल्या पोटाच्या पट्टीवाल्या पॅन्टबद्दल मी बोलणार नाही. त्यांच्या तक्त्यात कमरेचं माप विचारलं होतं. मला तोवर कंबर नव्हती.

बाळाच्या कपड्यांची वेगळीच तऱ्हा. झबली, टोपडी, दुपटी सगळीकडे एकावर एक मोफत. ह्यांचा जीव तुटत होता. पण जन्माच्या आधी बाळाचा कपडा घरात आणायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक. "घरात" या शब्दावर ह्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी सगळा माल विकत घेऊन शेजारच्या काकूंकडे ठेवला. कायदा पाळला गेला, सूटही मिळाली. काकूंच्या भाचीला दिवाळीत मुलगा झाला. काकूंना आयत्या वेळी काही सुचेना. बारशाच्या फोटोत ते बाळ फार गोजिरवाणं दिसतं. टोपड्यावरचं बदक मी लगेच ओळखलं.

नोव्हेंबरात डोहाळजेवण. हिरवी साडी पाहिजे, यावर पितरांचंही दुमत नसावं. पण तुळशीचं लग्न लागलं की गावातली लग्नंही लागतात, आणि त्या दिवसांत कुठलाही साडीवाला सूट देत नाही. ह्यांनी सुचवलं, "हळूच निळ्यावर भागवता नाही का येणार? फुलांच्या दागिन्यांत काय कळतं?" सासूबाईंनी एकदाच पाहिलं. साडी पूर्ण किमतीत आली. आमच्या घरातली बस्त्यानंतरची ती पहिली. झोपाळ्यावर बसल्यावर सगळ्या बायका म्हणाल्या, काय तेज आलंय. तेज साडीचं होतं, ह्यांच्या तोंडावरचं तेवढं गेलं होतं. वाटीखाली बर्फी निघाली. सासरे मात्र त्या दिवशी गप्प होते. ऑगस्टमध्ये सरकारनं कापसाचं आयात शुल्क तात्पुरतं माफ केलं, भाव आणखी बसला. नव्या हंगामाचा हमीभाव ८११० निघाला तर त्यासाठी मोबाइलवर नोंदणी, आणि कापसात ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. जुना कापूस त्यांनी अखेर मिळेल त्या भावाला घातला, कारण पाळण्याला खोली लागणार होती. तो जाताना त्या ढिगाकडे मीच जास्त वेळ पाहत राहिले. नवव्या महिन्यात टेकायला तितकी मऊ जागा मला पुन्हा मिळाली नाही, जरी उठल्यावर तासभर खाजवत बसावं लागे.

मुलगी संक्रांतीच्या आधीच आली. पहिला कपडा जुनाच घालतात, त्यामुळे नणंदेच्या मुलाचं विटलेलं झबलं अंगात चढलं आणि तिनं त्यावर कसलीही हरकत घेतली नाही.

मी माहेरी वणीला होते. सव्वीस जानेवारी उलटल्यावर हे मुलीला बघायला आले. हातात मोठी पिशवी, चेहऱ्यावर विजय. आत पाच कुर्त्या. खास गरोदर बायांसाठीच्या, पोटावर चुण्या, दोन्ही बाजूंना नाड्या, मऊ सुती कापड. मी आठ महिने जे मागत होते, अगदी तेच. सत्तर टक्के सूट.

"आता?" मी विचारलं. मांडीवर मुलगी होती, ती दिसत असूनही विचारलं.

"पुढच्या वेळी कामी येतील," हे म्हणाले.

माझ्या आईनं तोंडात पदर धरला. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांना ती कल्पना इतकी आवडली, की त्यांनी पिशवीत डांबरगोळ्या घालायला सांगितल्या. पुढची वेळ येणार नाही, हे मी दोघांनाही कळवून टाकलं आहे आणि कुर्त्या विकायला काढल्या आहेत.

तर वाचकहो, तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील तर कळवा. पाच नग, डबल एक्सएल, खांदे मापाचे, चिठ्ठ्या तशाच लावलेल्या. घेतल्या त्याच्या अर्ध्या किमतीत मी द्यायला तयार आहे, अगदीच अडचण असेल तर तशाही देईन. फक्त दुपारी बारा ते चारच्या दरम्यान या. संध्याकाळी हे घरी असतात, आणि त्यांचं म्हणणं आहे की कुर्त्यांचा भाव अजून वाढेल, थोडं थांबू.